उशाकडची फळी

“उतरवायचा न्हाई म्हणजे न्हाई! आधी त्या टेम्पोचं तोंड वळवा!” शेषेराव फाटकाच्या आतून ओरडत होते.

“बसवंत, तू ऐकू नको त्यांचं. दोऱ्या सोड, पलंग खाली घे,” मी म्हणाले.

बसवंत टेम्पोवाला बिचारा. एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा त्यांच्याकडं, आणि गमच्यानं मान पुसायचा. दोरीला हात काही लावीना.

“नागुबाई, व्यवहार झाला आपला,” शेषेराव म्हणाले. “तुम्ही आमच्या दारांना पॉलिश केलं, मजुरीच्या बदल्यात पलंग नेला. तुम्हीच मागितला. आता वापस कशाचा?”

“मी लाकूड मागितलं होतं. लाकडासंगं जे दिलंत ते मागितलं नव्हतं.”

ते हसले. गल्लीतली चार माणसं सावली धरून उभी होती, त्यांना ऐकू जाईल असं हसले. “ऐका हो, ऐका! ही बाई माझ्याच ओट्यावर बसून मला शिकवून राहिली होती. भूत नसतं, आत्मा नसतो, माणूस मेलं की खेळ खलास. बुद्धाला मानणारी बाई! आणि आता?”

“भुताचं नाव मी काढलं का? तुम्ही काढलं.”

हे खरं होतं. मी नव्हतं काढलं, आणि आजही काढणार नाही. मी फक्त काय झालं ते सांगते. उमरीच्या त्या फाटकाशी ऐन दुपारी चाललेली ती हुज्जत एका वाक्यानं थांबली. ते वाक्य माझ्याच तोंडून आलं. पण ते कळायचं तर आधी पलंग कळायला पाहिजे.

मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं मी एसटीच्या पाट्यांवरून शिकले. किनवट, भोकर, उमरी, नांदेड. पाट्या संपल्या तेव्हा पेपर धरला. माझा नवरा केरबा किनवटला लाकडाच्या डेपोत करवतीवर होता. सागवान मी त्याच्याकडून शिकले असं लोक म्हणतात. साफ झूट. त्याच्याशी भांडून शिकले. तो गेल्यावर नांदेडला पत्र्याचं शेड टाकलं आणि जुनं सागवानी सामान घ्यायचं, नीट करायचं, विकायचं, असा धंदा उभा केला. बाईमाणसानं रंधा हातात धरल्यावर लोक हसले. हसू द्या. हसणाऱ्यांच्याच घरात आज माझ्या हातची कपाटं आहेत.

माघात शेषेरावांचा उमरीचा नवा बंगला पुरा होत आला होता. जुन्या घराची सागवानी दारं नव्याला बसवायची होती, म्हणून मला बोलावलं. पहिल्या दिवशी चहा आला तो सगळ्यांना कपात आणि मला स्टीलच्या पेल्यात. मी पेला हातात धरला नाही. तसाच गार होऊ दिला. दुसऱ्या दिवशी कप आला.

फाटकावर एक मोठा फ्लेक्स होता. त्यावर म्हातारीचा फोटो, हार, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘कै. लक्ष्मीबाई. अखेरच्या क्षणी मुखी हरिनाम.’ शेषेरावांची आई. पौषात गेलेली. शेषेराव येईल त्याला सांगत. वायरमनला सांगितलं, फरशीवाल्याला सांगितलं, मलाही दोनदा सांगितलं. म्हणायचे, आईला लकवा मारला होता, वाचा गेली होती, कितीतरी महिने शब्द नव्हता तोंडात. आणि जाताना माझ्या कानाशी लागून म्हणाली, हरी. फक्त मलाच ऐकू आलं. पुण्याई म्हणतात ती ही.

पलंग मला कडब्याच्या शेडात दिसला. ताडपत्री टाकलेली, वर कोंबड्या. मी ताडपत्री उचलली आणि हात फिरवला. दगडाळ जमिनीत दमानं वाढलेल्या झाडाच्या रेषा अशा दाट आणि काळपट असतात. किनवटाकडचं लाकूड, डोळे मिटून सांगेन. खरादावर फिरवून काढलेले पाय, उशाकडं उंच फळी, दोन्ही बाजूंनी मुठीत मावतील अशा पट्ट्या.

“असला पलंग कोंबड्यांना दिला का?” मी विचारलं.

“आईचा हाय. तिच्या माहेरनं आंदणात आलेला. नव्या घरात शोभत न्हाई.”

“ह्याच्यावर कुणी गेलं का? मला फरक पडत न्हाई, पण मी सामान विकते. खरं काय ते सांगा.”

शेषेरावांनी गळ्याला चिमूट लावली. “गळ्याची आन. ह्या पलंगावर कुणी मेलं न्हाई.”

आणि हे त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. तेच तर आहे.

पलंग मला विकायचा नव्हताच. माझी लेक विशाखा लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तिला दिवस गेले होते, आणि बाळंतपणाला ती माझ्याकडं येणार होती. आधीचं एक राहिलं नव्हतं. ह्या वेळी डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पडायचं नाही, धक्का नको, गार फरशीवर बसायचं नाही. तिला रुंद, न हलणारा पलंग पाहिजे होता. म्हणून मी मजुरी नको म्हणाले आणि पलंग घेतला.

सागवानाला पाणी लावू नये. लोक ओल्या फडक्यानं पुसतात आणि मग लाकूड पांढरं पडलं म्हणून रडतात. आधी जुनं व्हार्निश काढायचं, काचकागद रेषेच्या अंगानं फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग जवसाचं तेल आणि थोडं टर्पेंटाइन जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं चोळायचं आणि सावलीत सोडायचं. लाकूड पाहिजे तेवढं पितं. उरलेलं पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट होतं. चांगलं सागवान उन्हाळ्यात तहानल्या जनावरासारखं तेल ओढतं.

ह्या पलंगानं ओढलं. सगळीकडं ओढलं, फक्त उशाकडच्या फळीवर नाही. तिथं मधोमध एक काळा डाग होता, डोकं टेकतं तिथं. बायांच्या केसांच्या तेलाचा डाग असतो तसा. त्यात नवल काही नाही. मी मुलतानी माती थापली, तेल ओढून घ्यायला. सकाळी माती भिजलेली. काढली, फळी कोरडी करून पुसली. दुसऱ्या दिवशी डाग परत, ओला, आणि त्याला एरंडेलाचा वास. पुन्हा माती. पुन्हा डाग. आजवर लाकडं माझ्याकडून तेल प्यायली आहेत. ही फळी तेल ओकत होती.

लाकडात खोल मुरलेलं असेल, उन्हानं वर येतंय, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं असू शकतं. पण बाजूच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, पट्टी मुठीत धरली की बोटं जिथं वळतात तिथं, चार चरे होते. नखांचे असतात तसे. मी घासून काढले. हात फिरवला, सपाट. सकाळी हात फिरवला, चरे होते.

चैत्रात विशाखा आली. जावई अश्वजित तिला सोडून लगेच वापस गेला.

“आई, हा पलंग हाय का सभेचं स्टेज?” विशाखा म्हणाली. “ह्याच्यावर मी एकटी झोपू का भाषण करू?”

“गप पड. तुझ्यासाठी खांदे मोडले माझे.”

ती हसत आडवी झाली. थोड्या वेळानं म्हणाली, “आई, उशाला कुणाच्या तरी डोक्याचा वास येऊन राहिलाय.”

मी उशीचा अभ्रा बदलला.

पहिल्यांदा झालं ते भर दुपारी. लाईट गेली, कूलर बंद पडला. कूलर बंद पडला की घरात जी शांतता होते, ती कानावर दाबून बसते. मी शेडात होते. आत आले तर विशाखा पलंगाशेजारी, खाली फरशीवर. पडलेली नव्हती. ठेवलेली होती. सरळ, उताणी, डोकं उत्तरेला, मॅक्सी घोट्यापर्यंत नीट ओढलेली, दोन्ही हात छातीवर. पोटुशी बाई अशी उताणी झोपत नाही, जीव घाबरतो. ही झोपली होती. आणि तिच्या भोवतालची फरशी ओलसर होती. तिला ताज्या शेणानं सारवल्याचा वास होता. माझ्या घरात गाय नाही, गल्लीतही नाही.

“मी खाली कशी आले?” ती जागी होऊन म्हणाली.

“उकडलं असंल. उतरून झोपलीस.”

“मला… कुणीतरी खांद्याला धरलं होतं, आई.”

मी तिला पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर हलवलं. पलंगाच्या खोलीचं दार ओढून कडी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची भांडी घासून हात पुसते तोवर ती खाट रिकामी. कडी लावलेलीच होती. आत ती फरशीवर, तशीच, पलंगाच्या कडेला, डोकं उत्तरेला. ओठ ओले. ओठाच्या कोपऱ्यात तुळशीचं पान.

आमच्या घरात तुळस नाही. कधी नव्हती. माझ्या सासूनं छप्पन साली देव्हारा नदीत सोडला तेव्हापासून नाही. मरणाऱ्याच्या तोंडात पान ठेवायची ती रीत आमची नव्हे. पण माझ्या जिवंत लेकीच्या तोंडात ते पान होतं, आणि ते कुणीतरी मोठ्या मायेनं ठेवलं होतं. मी बोट घालून काढलं आणि मोरीत फेकलं. तिच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं. साखरेचं पाणी पाजलं, कुशीवर वळवलं, पाठ चोळत बसले. पुष्कळ वेळानं आतून एक लाथ बसली. तेव्हा मी रडले. मी सहसा रडत नाही.

अश्वजितला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

त्या उद्याची दुपार. मी खाटेशेजारी फरशीवर बसले, पाठ त्या कडीच्या दाराला लावून. विशाखा झोपली होती. डोळ्याला डोळा लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि लावला नाही, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. पलंगाच्या खोलीतून आवाज आला. सागवान वाजतं, उन्हाळ्यात जास्त वाजतं. पण हा आवाज तो नव्हता. कुणीतरी झोपेत कूस बदलली, असा. मी उठले. कडी काढून आत गेले. पलंग रिकामा. उशाकडच्या फळीवरचा डाग ओला, त्यातून तेलाचा एक ओघळ गादीपर्यंत आलेला.

मी वळले तर विशाखा माझ्या मागून आत आली होती. डोळे मिटलेले. पलंगावर बसली. आडवी झाली. उजव्या हातानं बाजूची पट्टी धरली, आणि तिची चार बोटं त्या चार चऱ्यांत बरोबर बसली. तिचं तोंड डावीकडं ओघळलं होतं… लकव्याचं ओघळतं तसं. आणि त्या तोंडातून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. “शेषू,” अशी हाक मारली, आणि पुढं एक वाक्य बोलली. ते वाक्य मी विशाखाला आजवर सांगितलेलं नाही.

मग तिची बोटं सुटू लागली. ती सोडत नव्हती. नखं पांढरी पडेपर्यंत तिनं पट्टी धरली होती. कुणीतरी सोडवत होतं. एकेक बोट. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं… उलटं वळवून, सावकाश, घाई न करता. शेवटचं बोट सुटलं आणि विशाखा हवेत उचलल्यासारखी कडेला सरकली. मी तिला कमरेतून मिठी घातली. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी ओरडले नसेन. “सोडा तिला! माझी लेक हाय ती, जिवंत हाय ती, सोडा!” खालून जे ओढत होतं ते माझ्यापेक्षा जड होतं. मी पाय पलंगाच्या पायाला अडकवले आणि धरून राहिले. मग एकदम वजन गेलं. लाईट आली. कूलर घरघरायला लागला. विशाखा माझ्या अंगावर, रडत, आणि तिचं तोंड तिचंच.

संध्याकाळी अश्वजित तिला लातूरला घेऊन गेला. मी शेषेरावांच्या सुनेला, आरतीला फोन लावला. दारांचं काम चाललं होतं तेव्हा ती मला मावशी म्हणायची, गुपचूप शेंगदाण्याची पोळी आणून द्यायची. सासऱ्याला ती मामा म्हणते.

“आरती, म्हातारी कशी गेली?”

ती आवाज एकदम बारीक करून म्हणाली, “मावशी, पलंगावर जीव गेला तर माणूस अडकून राहतं म्हणतात ना… म्हणून मामांनी आज्जींना खाली घेतलं. शेणानं सारवून, तोंडात तुळस घालून. डॉक्टर म्हणले होते, अजून काढतील काही दिवस. पण वास्तुशांतीची तारीख तोंडावर आली होती, त्याआधी सुतक फिटायला पाहिजे होतं. मामा म्हणले, आता गेल्यातच जमा हाय.”

“मग?”

“आज्जींनी पट्टी धरली होती. सोडंनात. मामांनी एकेक बोट…” ती थांबली. “तेव्हाच त्यांच्या कानात काही तरी बोलल्या त्या. मामा म्हणतात हरी म्हणल्या.”

“आणि खाली ठेवल्यावर?”

“दुसऱ्या दिवशी दिवे लागेपर्यंत होत्या, मावशी. गार फरशीवर. पलंगाकडं हात करून. माझं नाव घेऊ नका.”

शेजारीपाजारी म्हणाले, जाळून टाका. चांगलं सागवान मी चुलीत घालणार नाही. आणि जाळलं तर जे आहे ते कुठं टेकेल? पण दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरहून अश्वजितचा फोन आला. विशाखा त्यांच्या घरात फरशीवर सापडली. उताणी, डोकं उत्तरेला. पलंग नांदेडात, लेक लातुरात.

मग मी थांबले नाही. बसवंतचा टेम्पो बोलावला. पलंग चढवताना चौघं घामाघूम झाले. बसवंत म्हणाला, “मावशी, मागल्या खेपेला एवढा जड नव्हता.” मी म्हणाले, “तेल प्यायलंय.”

तर असं आम्ही उमरीला आलो होतो, आणि शेषेराव फाटक उघडत नव्हते.

“पलंग आत घ्या,” मी म्हणाले. “नव्या घरात, चांगल्या खोलीत ठेवा. गादी घाला, वर कुणी झोपू नका. मला दुसरं काही नको. पण हे आजच झालं पाहिजे. माझी लेक तिकडं जमिनीवर पडून राहिलीय.”

“तुझ्या लेकीचं मला काय सांगती?” रागात ते आता तुम्हीवरून तूवर आले होते. “तुम्हा लोकांना जरा तोंड दिलं की…”

“बोला ना. थांबलात कशाला? आम्हा लोकांना काय?”

गल्लीतली माणसं बघत होती, म्हणून त्यांनी पुढचं गिळलं. आरती खिडकीच्या जाळीमागं उभी होती. तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त बांगड्या दिसत होत्या.

“हा बघ फ्लेक्स!” शेषेराव फाटकावर हात आपटून म्हणाले. त्यावरचा म्हातारीचा चेहरा उन्हानं निम्मा उडाला होता. एकच डोळा राहिला होता. “माझी आई ह्या पलंगावर मेली न्हाई! सरळ गेली, मोकळी गेली, हरी म्हणत गेली! ह्या कानानं ऐकलंय मी! तू कोण मला सांगणारी?”

बसवंत दोरी सोडणार नव्हता हे मला कळलं होतं. मी पदर खोचला आणि स्वतःच टेम्पोच्या फळीवर चढले. तोल जाऊ नये म्हणून पलंगाची बाजूची पट्टी धरली. नांदेडपासून उन्हात आलेलं लाकूड, सगळा पलंग तव्यासारखा तापलेला. ती पट्टी गार होती. पौषातल्या फरशीसारखी गार. आणि माझी बोटं मी न शोधता चऱ्यांत जाऊन बसली.

मला म्हणायचं होतं, शेषेराव, तुमची आई हरी म्हणाली नव्हती, काय म्हणाली ते मी माझ्या लेकीच्या तोंडून ऐकलंय. मी तसं म्हणायला तोंड उघडलं. पण डावीकडचा ओठ माझा राहिला नव्हता, जड झाला होता, आणि ठरवलेल्यातला एक शब्दही बाहेर येईना. आलं ते एवढंच. ते ऐकून फाटकावरचा शेषेरावांचा हात खाली आला:

“शेषू… जीव हाय रं अजून माझ्यात, मला खाली नको ठेवू.”